'द फीस्ट ऑफ द गोट' वाचून गट बिथरला, तर पुन्हा चर्चा कशी लावावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारा जणांच्या पुस्तक भिशीने मारिओ वार्गास योसा यांची 'द फीस्ट ऑफ द गोट' ही कादंबरी निवडली आणि चर्चेला एकच बैठक ठेवली. चौघांनी ती अर्ध्यात सोडली होती. एक सभासद शेवटच्या प्रकरणावर संतापून उठून गेल्या. दोघांना हुकूमशहाची कीव आली, त्यावरून खडाजंगी झाली आणि उरलेला वेळ आजच्या राजकारणावरच्या भांडणात गेला. आता पुस्तक सोडून द्यावं की पुन्हा बसावं, आणि बसायचं तर कसं?

पुन्हा बसा. तुमच्या गटातली एकही प्रतिक्रिया वावगी नाही. सोडून देणं, संताप, कीव, भांडण या चारही गोष्टी या कादंबरीच्या बांधणीतूनच येतात, आणि जवळपास प्रत्येक गटात येतात. चर्चा चालवणाऱ्याने त्या शांत करत बसू नये. "हे तुम्हाला नेमकं कुठल्या पानावर वाटलं?" एवढं विचारून प्रत्येक प्रतिक्रिया परत मजकुरापाशी न्यावी. ती पानापर्यंत गेली की वादाचं वाचन होतं. हवेत राहिली की दोन माणसांच्या स्वभावांची टक्कर होते.

आधी गटाला किमान पार्श्वभूमी द्या, दहा मिनिटांत, कागदावर लिहून. राफाएल त्रुहियोने डोमिनिकन प्रजासत्ताकावर १९३० ते १९६१ अशी ३१ वर्षं सत्ता गाजवली. १९१६ ते १९२४ या काळात देश अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हा अमेरिकी मरीन सैनिकांनी उभारलेल्या दलात तो तयार झाला. १९३६मध्ये राजधानीचं नाव बदलून त्याचं स्वतःचं नाव दिलं गेलं. १९३७मध्ये त्याच्या हुकमावरून हजारो हैतियन माणसांची कत्तल झाली. २५ नोव्हेंबर १९६० रोजी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल भगिनींना ठार मारण्यात आलं. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस याच तारखेला पाळला जातो. ३० मे १९६१च्या रात्री राजधानीबाहेर समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. कादंबरी २००० साली स्पॅनिशमध्ये आली. एडिथ ग्रॉसमन यांचा इंग्रजी अनुवाद त्यानंतर लगेच आला आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच वाचतात. हे सगळं आधी सांगितल्याने रहस्य फुटत नाही. त्रुहियो मरणार हे वाचकाला माहीत असणं लेखकाने गृहीतच धरलं आहे.

एका बैठकीत हे पुस्तक मावत नाही. चोवीस प्रकरणं आहेत आणि तीन धागे. न्यूयॉर्कमधली वकील उरानिया काब्राल ३५ वर्षांनी, १९९६मध्ये, घरी परतते, तो एक धागा. त्रुहियोचा शेवटचा दिवस हा दुसरा. त्याची वाट पाहत रस्त्यावर गाडीत बसलेल्या कटवाल्यांचा तिसरा. पहिल्या सोळा प्रकरणांपर्यंत हे तिन्ही आळीपाळीने येतात. पुढे वीण उसवते, उरानिया बराच काळ दिसत नाही आणि शेवटच्या प्रकरणातच परतते. म्हणून तीन बैठका ठेवा: प्रकरण १ ते ९, मग १० ते १६, मग १७ ते २४. दोन बैठकांत किमान तीन आठवड्यांचं अंतर हवं. बैठक दोन तासांची. बारापेक्षा जास्त माणसं असतील तर पहिला अर्धा तास दोन गट करा, नाहीतर याच पुस्तकावर तीन-चार जणच बोलतात आणि बाकीचे मान हलवतात.

आता सोडून देणाऱ्या चौघांकडे वळू. त्यांना आधी वेगळं विचारा, कारण सोडण्याची कारणं दोन असतात आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. काही जण गोंधळून सोडतात, काही जण सहन न होऊन. गोंधळलेला माणूसही बहुतेक वेळा "फार भयंकर आहे हो" असंच म्हणतो, कारण समजलं नाही हे म्हणायला संकोच वाटतो.

गोंधळाची कारणं ठरलेली आहेत. एकाच माणसाला तीन-तीन नावं आहेत. त्रुहियो कधी जनरलिसिमो, कधी बेनिफॅक्टर, कधी नुसता चीफ, आणि लोकांच्या तोंडी बोकड. साल्वादोर एस्त्रेया साधाला हाच 'तुर्क'. आमादो गार्सिया गेरेरो हा आमादितो. सैन्यप्रमुख होसे रेने रोमान म्हणजे पुपो. उरानियाचा बाप आगुस्तिन काब्राल म्हणजे सेरेब्रितो. दुसरं कारण काळाची उडी. परिच्छेद चालू असतानाच, एखाद्या संवादाच्या मधोमध, कथा वीस वर्षं मागे जाते आणि न सांगता परत येते. तिसरं कारण उरानियाच्या प्रकरणांतलं निवेदन. ते 'ती'वरून एकदम 'तू'वर जातं. कोण कोणाला 'तू' म्हणतंय हे कळलं नाही की वाचक अडकतो. ती स्वतःशीच बोलते आहे, एवढं एक वाक्य आधी सांगितलं तरी पुष्कळ जण तरून जातात.

यावर एक पानी तक्ता करा. डावीकडे पंधरा-सोळा नावं, प्रत्येकापुढे टोपणनावं, आणि कोण खरं, कोण काल्पनिक याची खूण. उजवीकडे तारखांची उभी रेघ: १९३०, १९३७, मार्च १९५६मध्ये न्यूयॉर्कमधून झालेलं हेसुस दे गालिंदेस या विद्वानाचं अपहरण, जून १९६०मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष बेतांकुर यांच्यावरचा हल्ला, मिराबाल भगिनी, ३० मे १९६१, आणि तळाशी १९९६. वाचताना हा कागद पुस्तकातच ठेवायला सांगा. तरीही कोणी अडलं तर उरानियाची १, ४, ७, १० ही प्रकरणं सलग वाचून मग मागे यायला हरकत नाही. मूळ वीण त्यामुळे थोडी सुटते, पण माणूस पुस्तकात टिकतो.

सहन न होणाऱ्यांसाठी इशारा आधीच द्यायला हवा होता, पण आताही द्या आणि मोघम देऊ नका. "पुस्तक अंगावर येणारं आहे" या वाक्याने कोणाचीच तयारी होत नाही. स्पष्ट सांगा की शेवटच्या प्रकरणात चौदा वर्षांच्या उरानियावर त्रुहियोने केलेला लैंगिक अत्याचार तपशिलाने आहे, आणि तिसऱ्या भागात कटवाल्यांच्या छळाची, विशेषतः पुपो रोमानच्या महिनोन्‌महिने चाललेल्या छळाची वर्णनं आहेत. ती पानं गाळून बैठकीला आलेल्यालाही बोलण्याचा पूर्ण हक्क आहे, हेही त्याच वेळी सांगा. बैठकीत ते प्रकरण मोठ्याने वाचायचं नाही. "कोणाला असा अनुभव आहे का?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. कोणी आपणहून बोललं तर ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, त्यांचं बोलणं लगेच पुस्तकाच्या मुद्द्याला जोडायचं नाही आणि दहा मिनिटं थांबायचं. महिला मदत क्रमांक १८१ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ हे दोन नंबर तक्त्याच्या मागे छापून ठेवा. सगळ्यांच्या कागदावर असले की कोणा एकीकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

ज्या सभासद उठून गेल्या त्यांचा आक्षेप बहुधा दोनपैकी एक असेल: हे इतकं तपशिलाने लिहायची गरज काय होती, किंवा एका मुलीवरचा अत्याचार हे 'देशावरच्या बलात्काराचं' रूपक म्हणून का वापरलं. दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि त्याची समजूत काढून टाकू नये. बाजू मांडायचीच असेल तर मजकुरातून मांडा. उरानिया हे सगळं कोणाला सांगते ते पाहा. आत्याला आणि त्या घरातल्या मुलींना, एका रात्रीच्या जेवणाच्या टेबलाभोवती. ऐकणाऱ्या सगळ्या बायका आहेत, आणि ज्याच्यामुळे हे घडलं तो बाप वाचा गेलेला, दुसऱ्या घरात पडून आहे. आत्याचा पहिला प्रतिसाद भावाची बाजू घेण्याचा असतो. हा प्रसंग रूपकापुरताच असता तर या टेबलाची आणि या अविश्वासाची गरज नव्हती, असं म्हणता येतं. तरीही काही वाचकांना आक्षेप कायम वाटेल, आणि तो कायम राहू द्यावा.

त्याच ओघात गटापुढे आणखी एक प्रश्न ठेवा, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १९३७च्या कत्तलीबद्दल आपल्याला या पुस्तकात कोण सांगतं? त्रुहियो आणि त्याचे पाहुणे, जेवणाच्या टेबलावर, अभिमानाने. मेलेल्या हैतियन माणसांपैकी एकालाही स्वतःचं प्रकरण नाही. ही लेखकाची मर्यादा की सत्तेच्या टेबलावर कोण नसतं हे दाखवायची रीत, यावर वीस मिनिटं सहज जातात आणि ती वाया जात नाहीत.

हुकूमशहाची कीव येण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गट इथेच फुटतात. ज्यांना कीव येते त्यांना बाकीचे नैतिकदृष्ट्या ढिले समजतात, आणि मग ते गप्प बसतात. प्रत्यक्षात त्यांनी पुस्तक नीट वाचलेलं असतं. त्रुहियोची प्रकरणं त्याच्या डोक्याच्या आतून लिहिली आहेत. पहाटे चारला उठणं, व्यायाम, दाढी, कपड्यांची टापटीप, वक्तशीरपणा, ओशाळवाणे अधिकारी. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी शब्द, तिरस्कार आणि विनोद त्याचे आहेत. कुठे लेखक बोलतो आणि कुठे त्रुहियो, हे वेगळं करता येत नाही, म्हणून वाचक नकळत त्याच्या खांद्यावरून पाहू लागतो. त्यात त्याचं सत्तरीकडे झुकलेलं शरीर दगा देतं. लघवीवर ताबा राहत नाही आणि कपड्यांवर डाग पडेल या भीतीने तो दिवसभर पछाडलेला असतो. म्हातारपणाची ही लाज कोणालाही समजते, मग कीव येणारच.

इथे एक व्यायाम करून घ्या, पंधरा मिनिटांचा. प्रत्येकाने जिथे कीव वाटली ते पान काढायचं, आणि त्याच्या आधीचं एक व नंतरचं एक पान वाचून त्रुहियो तेव्हा कशाचा विचार करतो ते एका ओळीत लिहायचं. बहुतेकांच्या कागदावर एकच क्रम येतो. शरीराची लाज वाटली की लगेच त्याला कोणाला तरी अपमानित करायचं असतं, किंवा एखादी बाई ताब्यात घ्यायची असते. देशात त्याचा हुकूम न मानणारी एकच गोष्ट उरली आहे, त्याचं स्वतःचं शरीर. त्या बंडाची किंमत तो इतरांच्या शरीरांकडून वसूल करतो. दुसऱ्या भागात हे गटाच्या लक्षात आलं, तर शेवटचं प्रकरण अचानक कोसळल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच प्रकरणांपासून त्याची तयारी चाललेली आहे. ज्यांना कीव आली त्यांच्याकडूनच हा दुवा बहुधा सापडतो, म्हणून त्यांना गप्प बसवू नका.

बापाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असतं आणि ते फार लवकर होतं. "असा बाप असूच शकत नाही" म्हणून विषय संपतो. तो संपू देऊ नका. मुलगी त्रुहियोच्या हवाली करण्यापर्यंत काब्राल एका रात्रीत पोहोचत नाही. फळ्यावर पायऱ्या मांडा: वर्तमानपत्राच्या 'फोरो पुब्लिको' या सदरात त्याच्यावर निनावी चिखलफेक होते, सिनेटचं पद जातं, बँकेतले पैसे अडतात, मित्र फोनवर भेटेनासे होतात, त्याने काय गुन्हा केला हे कोणीच सांगत नाही, मग एक जुना ओळखीचा माणूस मदतीला येतो आणि उपाय सुचवतो. वाचकवर्गाच्या पत्रांचं हे सदर खरंच होतं, आणि राजवटीच्या मर्जीतून कोण उतरलं हे लोकांना त्यातून कळायचं. आता विचारा, यातल्या कुठल्या पायरीवर त्याला मागे फिरता आलं असतं, आणि त्याची किंमत काय पडली असती? "मी असतो तर" हे शब्द या अर्ध्या तासात वर्ज्य ठेवा. ते आले की प्रत्येक जण स्वतःची अब्रू सांभाळू लागतो आणि काब्राल बाजूला राहतो. याला जोडून आमादितोचा प्रसंग घ्या. त्याला लग्नाची परवानगी नाकारतात, निष्ठेची परीक्षा म्हणून एका कैद्याला गोळी घालायला लावतात, आणि तो कैदी कोण होता हे नंतर सांगतात. काब्राल आणि आमादितो दोघांनाही त्याच यंत्रातून पिळून काढलं आहे. एक जण गाडीत बंदूक घेऊन बसतो, दुसरा मुलीला नटवतो. फरक कशाने पडला, या प्रश्नाला पुस्तकात तयार उत्तर नाही.

तिसऱ्या भागात तक्रार येते ती रोमानची. त्रुहियो मेला, आता सैन्यप्रमुखाने सत्ता हाती घ्यायची, एवढंच उरलेलं असताना हा माणूस काहीच करत नाही! वाचक अक्षरशः चिडतात. त्यांना मागचं एक पान परत काढायला लावा. त्याच संध्याकाळी त्रुहियोने याच रोमानला हवाई तळाजवळच्या फुटलेल्या गटारापाशी नेऊन, त्या दुर्गंधीत उभं करून झापलेलं असतं. प्रेत पाहिल्याशिवाय हलणार नाही ही त्याची अटही आधीच ठरलेली असते, आणि त्या रात्री प्रेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एकतीस वर्षं ज्याची परवानगी घेतल्याशिवाय काही केलं नाही, त्याच्या मरणानंतरही शरीर परवानगीची वाट पाहतं. रोमानचं प्रकरण आणि गटाराचं पान एकाच बैठकीत शेजारी ठेवून वाचणं, हे या पुस्तकावरच्या चर्चेत मला सर्वात फलदायी वाटतं.

बालागेरवर थोडा वेळ राखून ठेवा. नामधारी राष्ट्राध्यक्ष, कवी, मवाळ, कधीही आवाज न चढवणारा. त्रुहियोच्या मरणानंतर त्याच्या मुलांना आणि भावांना गोड बोलून तोच देशाबाहेर काढतो. काही वाचकांना तो आवडतो, "निदान रक्तपात टाळला" म्हणून. तेव्हा तारखा समोर ठेवा: तो पुढे १९६६ ते १९७८ आणि १९८६ ते १९९६ पुन्हा सत्तेवर होता. उरानिया ज्या वर्षी परतते त्याच वर्षी त्याची कारकीर्द संपते. राजवट कधी संपली मग, ३० मे १९६१ला की १९९६ला?

आजच्या राजकारणाचं काय करायचं? बंदी घालू नका, लोक बाहेर चहाच्या टपरीवर तेच बोलतील. पण पहिली सत्तर मिनिटं पुस्तकाबाहेर जायचं नाही, आणि नंतरच्या तुलनेला एक अट: नेत्याचं नाव घ्यायचं नाही, यंत्रणेचं घ्यायचं. "हा त्याच्यासारखा आहे" चालणार नाही. "निनावी सदरातून बदनामी करून मग पद काढून घेणं" हे चालेल, आणि पुस्तकातलं पान दाखवून. या अटीने आवाज लगेच खाली येतो, कारण यंत्रणेबद्दल बोलायला तपशील लागतो.

ज्येष्ठ सभासद आणीबाणी काढतीलच. काढू द्या, त्यांनी ती पाहिली आहे. डिसेंबर १९७५मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्यासाठी घेतलेली भूमिका हा मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा दुवा आहे. काब्रालच्या भोवतालचे शिकलेले, कायदा जाणणारे, भाषणं लिहून देणारे लोक आणि ते व्यासपीठ यांचा विचार एकत्र करता येतो. पण फरकही मोजून ठेवा. आणीबाणी २१ महिने होती, १९७७मध्ये निवडणूक झाली आणि सरकार पडलं. इथे ३१ वर्षं आहेत आणि उरानियाच्या पिढीला आधीचं काहीच आठवत नाही. गोव्यातले सभासद असतील तर त्यांचा दुवा आणखी जवळचा आहे: १९ डिसेंबर १९६१पर्यंत गोवा सालाझारच्या हुकूमशाहीखाली होता, म्हणजे त्रुहियो मारला गेल्यानंतरही जवळपास सात महिने. छापील मजकुरावरचा सेन्सॉर, सभाबंदी, पोर्तुगालच्या तुरुंगात धाडलेले राजकीय कैदी या गोष्टी तिथल्या घरांच्या आठवणीत आहेत. अशा सभासदाला दहा मिनिटं सलग द्या आणि मध्ये कोणाला बोलू देऊ नका.

"यातलं खरं किती?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि वेळ खातो. तक्त्यावरच निकाल लावा: त्रुहियो, बालागेर, गुप्त पोलिसांचा प्रमुख जॉनी आब्बेस, पुपो रोमान, रस्त्यावर दबा धरलेले सात जण, मिराबाल भगिनी, गालिंदेस हे खरे. उरानिया आणि तिचा बाप काल्पनिक. खऱ्या माणसांच्या मनातले विचार आणि बंद खोलीतले संवाद लेखकाने रचलेले. लेखक स्वतः पेरूचे, १९९०मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले. सत्तेच्या खोल्या ते आतून का लिहू शकले यावर तेवढी माहिती पुरे आहे.

उठून गेलेल्या सभासदांना गटाच्या व्हॉट्सॲपवर बोलावू नका. प्रत्यक्ष फोन करा, आक्षेप दोन वाक्यांत लिहून द्याल का विचारा, आणि त्या आल्या नाहीत तरी तिसऱ्या बैठकीची सुरुवात त्या दोन वाक्यांनी करा, त्यांची संमती असेल तर नावासह. सोडून दिलेल्या चौघांना पूर्ण पुस्तक वाचायची सक्ती नको. प्रकरण १, २, ३ आणि १२ एवढं वाचून ते दुसऱ्या बैठकीला येऊ शकतात. शेवटची बैठक रविवारी सकाळी ठेवा, रात्री नको. त्या दिवशी चर्चेनंतरचा नाश्ता अर्धा तास लांबवा, आणि पुढचं पुस्तक त्याच बैठकीत ठरवू नका.